पॅलिएटिव्ह केअर कधी सुरू करावी? कर्करोगाच्या उपचारासोबतच

दोन वर्षांपूर्वी माझ्या दवाखान्यात एक काका आले होते. वय साठच्या आसपास, तालुक्याच्या गावापासून आठ-दहा किलोमीटरवर शेती, तंबाखूची जुनी सवय. गालाच्या आतल्या बाजूला कर्करोग निघाला होता. शहरातल्या रुग्णालयात ऑपरेशन नीट पार पडले होते आणि आता रेडिएशन, म्हणजे आपल्याकडे ज्याला 'शेक' किंवा 'लाईट' म्हणतात, ते सुरू व्हायचे होते. मुलाने फाइलमधली एक चिठ्ठी काढून दाखवली.

"डॉक्टर, यात पॅलिएटिव्हच्या ओपीडीला दाखवून या असं लिहिलंय. जायचं का?"

मी चिठ्ठी वाचली आणि म्हणालो, "ते शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटसाठी असतं. बाबांचा आजार बरा होण्यासारखा आहे. आत्ता नको."

मुलाच्या चेहऱ्यावर हायसे वाटल्याचे दिसले. मलाही आपण धीर दिला असे वाटले.

रेडिएशनच्या चौथ्या आठवड्यात काकांचे तोंड आतून पूर्ण सोलवटले. पाणी गिळवेना, थुंकीसुद्धा गिळवेना. नेहमीच्या गोळ्यांनी वेदना हलत नव्हती. रात्रभर ते अंथरुणावर बसून काढायचे. एके दिवशी त्यांनी सांगून टाकले, "आता तिकडं नेऊ नका. मेलो तरी चालंल." नऊ दिवस रेडिएशन बुडाले. शेवटी मीच मुलाला त्याच चिठ्ठीवरच्या ओपीडीत पाठवले. तिथे मॉर्फिन सुरू झाले, नाकातून नळी घालून पोटात अन्न जाऊ लागले, तोंडाची निगा कशी राखायची हे नर्सने काकूंना करून दाखवले. चार दिवसांत काका पुन्हा रेडिएशनला गेले आणि कोर्स पूर्ण केला.

पण बुडालेले नऊ दिवस भरून आले नाहीत. डोके व मानेच्या कर्करोगात रेडिएशनमध्ये खंड पडला की आजार आटोक्यात येण्याची शक्यता कमी होते. हे मला माहीत होते. तो खंड टाळणे हेही पॅलिएटिव्ह केअरचेच काम आहे, हे मात्र मला माहीत नव्हते. माझ्या एमबीबीएसच्या काळात हा विषय आम्हाला कोणी शिकवला नव्हता. ही सबब नाही, पण आजही अनेक डॉक्टर माझ्यासारखाच सल्ला देतात, म्हणून हे लिहितो आहे.

पॅलिएटिव्ह केअर म्हणजे नक्की काय?

मराठीत तिला उपशामक सेवा किंवा परिहार सेवा म्हणतात. गंभीर आजारामुळे आणि त्याच्या उपचारांमुळे जो त्रास होतो, तो कमी करणे हे तिचे काम. वेदना, उलट्या, धाप, बद्धकोष्ठता, तोंडातले फोड, जखमेचा वास, झोप न लागणे, भूक मरणे, मनाची भीती, घरच्यांची ओढाताण, पैशाची चिंता, हे सगळे तिच्यात येते. किमो किंवा रेडिएशनचे दुष्परिणाम सांभाळण्याच्या भागाला काही ठिकाणी 'सपोर्टिव्ह केअर' असे वेगळे नाव असते. रुग्णाच्या दृष्टीने दोन्हींत फार फरक नाही.

या विचाराचा पाया घातला तो लंडनच्या सिसिली साँडर्स यांनी. आधी नर्स, मग समाजसेविका आणि नंतर डॉक्टर झालेल्या या बाईंनी १९६७ मध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. वेदना फक्त शरीराची नसते, तिच्यात मन, नाती, पैसा आणि श्रद्धा यांचाही वाटा असतो, हे त्यांनी मांडले. सुरुवात मरणाच्या दारातल्या रुग्णांपासून झाली, म्हणून 'पॅलिएटिव्ह म्हणजे शेवट' हा समज रुजला. त्यानंतर वैद्यकशास्त्र बरेच पुढे गेले, समज मात्र तिथेच राहिला.

सोबत दिल्याने काय फरक पडतो?

२०१० मध्ये अमेरिकेतल्या बोस्टन येथे झालेला एक अभ्यास या विषयात सर्वांत जास्त सांगितला जातो. फुप्फुसाचा कर्करोग शरीरात पसरलेल्या १५१ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीचे कर्करोग उपचार, दुसऱ्याला तेच उपचार आणि सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह केअर. दुसऱ्या गटातल्या रुग्णांचे रोजचे जगणे अधिक सुसह्य होते आणि नैराश्य कमी होते. शेवटच्या दिवसांत खूप आक्रमक उपचार कमी जणांनी घेतले, तरी त्यांचे आयुष्य कमी झाले नाही. उलट मध्यक आयुर्मान ८.९ महिन्यांऐवजी ११.६ महिने निघाले. पुढे अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने, पसरलेला कर्करोग असलेल्या रुग्णाला निदानापासून आठ आठवड्यांच्या आत पॅलिएटिव्ह टीमला जोडून द्यावे, अशी शिफारस केली.

सगळ्या अभ्यासांत असाच निकाल आला असे मात्र नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डोके व मानेचा कर्करोग पुढच्या टप्प्यात गेलेल्या १८० रुग्णांवर अशीच चाचणी झाली. तिथे दोन्ही गटांच्या जीवनमानात किंवा आयुर्मानात ठळक फरक दिसला नाही. म्हणून 'पॅलिएटिव्ह केअर घ्या, आयुष्य वाढेल' असे मी कोणाला सांगत नाही. पण वेदनेवर वेळेवर औषध मिळावे यासाठी आयुष्य वाढण्याची अट कशाला हवी? काकांच्या बाबतीत प्रश्न आयुष्य वाढण्याचा नव्हता. ज्या उपचाराने ते बरे होणार होते, तो उपचार सोसण्याचा होता.

हा विषय आत्ताच का महत्त्वाचा?

१ फेब्रुवारी २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात, तीन वर्षांत देशातल्या सर्व जिल्हा रुग्णालयांत डे-केअर कर्करोग केंद्रे उभारण्याची घोषणा झाली. पहिल्याच वर्षात २०० केंद्रांचे लक्ष्य ठेवले गेले. त्याच वर्षी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कर्करोग उपचारांचे धोरण मंजूर केले. त्यात राज्यातली १८ रुग्णालये तीन स्तरांत जोडण्याची योजना आहे.

ही चांगली बातमी आहे. किमोसाठी गडचिरोली किंवा नंदुरबारहून मुंबई गाठायची, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत नंबर लागायची वाट पाहायची, रोजगार बुडवायचा, हे ज्यांनी केले आहे त्यांना याचे मोल सांगायला नको. डॉक्टर म्हणून मी अनेक रुग्ण केवळ प्रवासाच्या खर्चाने उपचार सोडताना पाहिले आहेत.

पण डे-केअर म्हणजे काय हे नीट समजून घ्या. सकाळी यायचे, सलाईनमधून किमो घ्यायची, संध्याकाळी घरी जायचे. उलट्या, जुलाब, ताप, तोंडातले फोड मात्र पुढच्या काही दिवसांत येतात, आणि ते घरी येतात. रात्री दोन वाजता उलट्या सुरू झाल्या तर समोर बायको असते, सून असते, फार तर माझ्यासारखा गावातला डॉक्टर असतो. मोठ्या कर्करोग रुग्णालयात आहारतज्ज्ञ, समाजसेवक, मानसोपचारतज्ज्ञ आणि वेदनेचा विभाग एका आवारात असतो. जिल्ह्याच्या ठिकाणी किमोची खोली उघडेल, तेव्हा हे सगळे तिच्यासोबत येईल का? माझ्या मते या योजनांचे यश या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे. नुसती किमो जवळ आली आणि बाकीचे दूर राहिले, तर घरच्यांचा प्रवास कमी होईल, भार वाढेल.

कागदावर तरतूद आहे. पॅलिएटिव्ह केअरचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१२ पासून आहे, २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात तिचा उल्लेख आहे, आणि गावपातळीवरच्या आरोग्यमंदिरांच्या सेवांतही ती मोजली जाते. प्रत्यक्षात चित्र वेगळे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे, जगात ज्यांना या सेवेची गरज आहे त्यांच्यापैकी सुमारे १४ टक्के लोकांपर्यंतच ती पोहोचते. भारतातले प्रमाण याहून बरेच कमी असल्याचे या क्षेत्रातले लोक सांगतात. केरळ हा ठळक अपवाद आहे. तिथे १९९३ मध्ये कालिकतला डॉक्टर आणि स्वयंसेवकांनी सुरू केलेल्या कामातून गावोगावी घरभेटींचे जाळे उभे राहिले आणि २००८ मध्ये राज्याने स्वतःचे धोरणही केले.

रुग्णालयात 'सोबत' म्हणजे नेमके कसे?

दारावर पाटी लावली की सेवा जोडली गेली असे होत नाही. रुग्णालयात ती खरोखर जोडलेली आहे का, हे काही साध्या गोष्टींवरून कळते.

पहिली गोष्ट, त्रास विचारला जातो का? चांगल्या विभागात प्रत्येक भेटीला वेदना, थकवा, मळमळ, भूक, धाप, झोपाळूपणा, उदासी, चिंता यांना ० ते १० पैकी आकडा द्यायला सांगतात. ० म्हणजे त्रास नाही, १० म्हणजे सहन होण्यापलीकडे. नर्ससुद्धा हे पाच मिनिटांत करू शकते. आपले रुग्ण 'कसं आहे?' असे विचारले की 'बरं आहे' म्हणतात. आकडा विचारला की खरे बाहेर येते.

दुसरी, फाइल एकच आहे का? कर्करोगतज्ज्ञाने काय ठरवले हे पॅलिएटिव्हच्या डॉक्टरला दिसायला हवे आणि त्यांनी दिलेली औषधे कर्करोगतज्ज्ञाला. नाहीतर दोन ठिकाणची दोन वेदनाशामके एकदम पोटात जातात.

तिसरी, तिकडे पाठवायचे केव्हा याचा ठरलेला नियम आहे का? कुठल्या डॉक्टरला सुचले तर पाठवले, यात भरवसा नाही. आजार पसरलेला असेल, वेदनेचा आकडा चारच्या वर असेल, वजन झपाट्याने उतरत असेल, तर आपोआप पाठवायचे, असे जिथे ठरले आहे तिथे रुग्ण वेळेवर पोहोचतो.

चौथी, मॉर्फिन मिळते का? आणि पाचवी, घरी गेल्यावर फोन उचलणारे कोणी आहे का? माझ्या अनुभवात शेवटच्या दोन गोष्टी सर्वांत जास्त उपयोगी पडतात, आणि त्याच सर्वांत कमी सापडतात.

मॉर्फिनची भीती

तीव्र वेदनेसाठी तोंडाने घ्यायचे मॉर्फिन हे जुने, स्वस्त आणि परिणामकारक औषध आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्येच कर्करोगाच्या वेदनेसाठी त्याचा पायरीपायरीने वापर सांगितला. आपल्याकडे अडचण कायद्याची होती. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यामुळे इतके परवाने लागत की अनेक रुग्णालयांनी ते ठेवणेच सोडले. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. आता राज्याच्या औषध नियंत्रकाची मान्यता मिळालेल्या संस्थेला ते ठेवता येते. तरीही ते कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाही. त्यामुळे आपल्या जिल्ह्यात कुठल्या रुग्णालयाकडे ही मान्यता आहे हे आधीच विचारून ठेवा.

घरचे मला नेहमी तीन गोष्टी विचारतात.

"सवय लागेल का?" कर्करोगाच्या वेदनेसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेताना व्यसन लागण्याचा धोका कमी असतो. शरीराला औषधाची सवय होते, म्हणून ते एकदम बंद करायचे नाही, हळूहळू कमी करायचे. पण सवय होणे आणि व्यसन लागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पूर्वी दारूचे किंवा इतर व्यसन असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा.

"याने मरण लवकर येतं का?" योग्य मात्रेत, हळूहळू वाढवत दिले तर नाही. वेदना कमी झाली की माणूस झोपतो, खातो, चालतो.

"आत्ताच दिलं तर पुढे उपयोग होईल का?" होतो. वेदना वाढली तर मात्रा वाढवता येते. पुढच्यासाठी राखून ठेवण्याचे हे औषध नाही.

काही गोष्टी पाळाव्या लागतात. साध्या गोळीचा परिणाम साधारण चार तास टिकतो, म्हणून वेदना उठायची वाट न पाहता घड्याळाप्रमाणे द्यायची. बद्धकोष्ठता जवळपास सगळ्यांना होते, म्हणून पोट साफ होण्याचे औषध पहिल्या दिवसापासून सोबत हवे. पहिले काही दिवस मळमळ आणि गुंगी येऊ शकते, ती बहुधा ओसरते. रुग्ण हाक मारूनही नीट जागा होत नसेल किंवा श्वास खूप संथ झाला असेल, तर पुढची मात्रा न देता लगेच डॉक्टरांना कळवा. मूत्रपिंडाचा विकार असेल तर आधीच सांगा. मात्रा स्वतःहून बदलू नका आणि गोळ्या कुलपात ठेवा.

सेवा कुठे मिळते?

मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये पॅलिएटिव्ह मेडिसिनचा स्वतंत्र विभाग आहे, घरभेटीची सेवा आहे आणि २०१२ पासून या विषयाचा एम.डी. अभ्यासक्रमही आहे. वांद्र्याचे शांती अवेदना सदन १९८६ पासून काम करते. देशातले ते पहिले हॉस्पिस, आणि त्याच संस्थेची केंद्रे गोव्यात आणि दिल्लीतही आहेत. पुण्यात वारजे येथे सिप्लाचे पॅलिएटिव्ह केअर केंद्र १९९७ पासून आहे. तिथे रुग्णाला काही दिवस ठेवून त्रास आटोक्यात आणतात आणि घरच्यांना शिकवून घरी पाठवतात. या केंद्रात सेवेचे पैसे घेत नाहीत.

इतर जिल्ह्यांत जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून उपचार चालू असतील तर आरोग्यमित्राला विचारा. ही योजना मुख्यतः रुग्णालयातल्या उपचारांवर बेतलेली आहे. त्यामुळे घरची औषधे, ड्रेसिंगचे सामान, प्रवास हा खर्च बहुतेक वेळा घरच्यांच्याच खिशातून जातो. रुग्णालयातल्या समाजसेवकाला पहिल्याच आठवड्यात भेटा, जमीन गहाण टाकायची वेळ आल्यावर नव्हे.

'त्यांना सांगू नका, डॉक्टर'

हे वाक्य मी दर महिन्याला ऐकतो. मुलगा बाहेर थांबवून सांगतो, आईला कर्करोग आहे हे कळू देऊ नका. पाच मिनिटांनी आई मला एकटीला गाठून म्हणते, "मला कळलंय. पोरांना सांगू नका, घाबरतील." दोघे एकाच घरात, एकमेकांपासून लपवत जगतात.

हा गुंता सोडवणे हेही पॅलिएटिव्ह टीमचे काम आहे. रुग्णाला किती जाणून घ्यायचे आहे हे ते आधी विचारतात आणि तेवढेच, त्याच्या गतीने सांगतात. पुढे आजार वाढला तर व्हेंटिलेटर हवा की नको, शेवटचे दिवस घरी की रुग्णालयात, शेताच्या कागदांचे काय, ही बोलणी रुग्ण शुद्धीवर आणि शांत असताना झाली तर निर्णयाचे ओझे एका मुलावर पडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये त्याची प्रक्रिया सोपी केली, तीही याचसाठी. असे बोलणे म्हणजे उपचार सोडणे नव्हे. किमो चालू असतानाही ते करता येते.

पुढच्या भेटीत हे विचारा

– या रुग्णालयात पॅलिएटिव्ह केअरची ओपीडी आहे का? कोणत्या दिवशी असते?
– आम्हाला आत्तापासून तिकडे दाखवता येईल का?
– या उपचाराचा हेतू आजार बरा करणे हा आहे, की आटोक्यात ठेवणे?
– घरी कोणता त्रास होऊ शकतो आणि त्यासाठी आत्ताच कोणती औषधे द्याल?
– रात्री त्रास झाला तर फोन कोणाला करायचा?
– आमच्या गावातल्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी द्याल का?

एक लहान वही ठेवा. रोज वेदनेचा आकडा, खाणे, शौच, झोप आणि दिलेली औषधे लिहा. डॉक्टरांचे दहा मिनिटांचे काम तिने सोपे होते.

आणि काही वेळा वाट पाहू नका. किमो चालू असताना १००.४ अंश फॅरेनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, अचानक पाठदुखीसोबत पायांतली ताकद जाणे किंवा लघवी अडणे, न थांबणारा रक्तस्राव, वाढती धाप, पाणीही न टिकणाऱ्या उलट्या, यांपैकी काहीही झाले तर त्याच वेळी रुग्णालय गाठा, रात्र असली तरी.

काका आता दर दोन महिन्यांनी तपासणी करून येताना माझ्याकडे डोकावतात. आजार सध्या दिसत नाही. भाकरी अजून कुस्करूनच खावी लागते. मध्यंतरी त्यांच्याच गावातल्या एका बाईंना स्तनाचा कर्करोग निघाला. त्यांचा नवरा तशीच एक चिठ्ठी घेऊन आला आणि तोच प्रश्न विचारला. या वेळी मी म्हणालो, "किमो सुरू व्हायच्या आधीच जाऊन या. आणि परत आलात की त्यांनी काय सांगितलं ते मलाही सांगा."